सायकल राइडसाठी ॲप निवडताय? आधी फोनचं बघा

सायकलवाल्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘राइड रेकॉर्ड करायला चांगलं ॲप कोणतं?’ असं विचारलं की पाच मिनिटांत पाच नावं येतात, आणि जो तो आपलंच ॲप सर्वांत अचूक म्हणून सांगतो. खरं तर जागा ठरवते ती फोनमधली जीपीएस चिप. ॲपच्या हातात अक्षांश-रेखांश तयारच येतात. एकाच फोनवर दोन ॲप एकदम चालू ठेवली तर दोघांना मिळणारा कच्चा माल एकच असतो. फरक पडतो तो तीन ठिकाणी: स्क्रीन बंद असताना ॲप जिवंत राहतं का, मिळालेल्या बिंदूंचं ते काय करतं, आणि राइडची फाइल तुम्हाला बाहेर काढू देतं का. रंगीत आलेख, पदकं, कॅलरी हे सगळं त्यानंतर.

सर्वांत जास्त राइड वाया जातात त्या पहिल्या कारणाने. बॅटरी जास्त टिकते असं दाखवण्यासाठी अँड्रॉइड फोनवाल्या कंपन्या मागे चालणारी ॲप बिनदिक्कत बंद करतात आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी. शाओमी, रेडमी, पोको असेल तर ॲपच्या माहितीच्या पानावर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करायचं, बॅटरीच्या पर्यायांत ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडायचं, आणि नुकत्याच वापरलेल्या ॲपच्या यादीत जाऊन त्या ॲपला कुलूप लावायचं. सॅमसंगवर बॅटरीखाली ‘बॅकग्राउंड युसेज लिमिट्स’मध्ये ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’ अशी यादी असते, तिच्यात ॲप टाकायचं. ओप्पो-रिअलमीवर ॲपच्या बॅटरी वापरात ‘अलाउ बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी’. विवोवर मागे जास्त बॅटरी खाण्याची परवानगी ॲपला वेगळी द्यावी लागते. आवृत्ती बदलली की मेन्यूतली नावं थोडी इकडेतिकडे होतात, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ टाकलं की सापडतं. फोनचं मोठं अपडेट आलं की हे सगळं पुन्हा एकदा तपासायचं, कारण कधी कधी पर्याय मूळपदावर जातात.

लांबच्या राइडला निघताना बॅटरी पुरावी म्हणून बरेच जण बॅटरी सेव्हर चालू करतात. नेमकं तेच करू नका. अनेक फोनवर बॅटरी सेव्हर स्क्रीन बंद होताच ॲपना जागा कळवणंच थांबवतो. मग ॲप जिवंत असूनही बिंदू मिळत नाहीत.

लोकेशनची परवानगी देताना अँड्रॉइड १२ पासून दोन चित्रं दिसतात, ‘प्रिसाइस’ आणि ‘अप्रॉक्झिमेट’. घाईत दुसरं दाबलं गेलं तर ॲपला तुमचा फक्त अंदाजे परिसर कळतो, रस्ता कळत नाही. आयफोनवरही ‘प्रिसाइस लोकेशन’ हा वेगळा खटका आहे. आयफोनला मागची ॲप मारायची खोड तशी कमी, फक्त ॲप वर सरकवून स्वतःच बंद करायचं नाही. ते ‘साफ’ करायची सवय अनेकांच्या बोटात असते.

रेघ काय सांगते

नकाशावर उमटलेली रेघ नीट पाहिली की दोष कुठला ते कळतं. तीन प्रकार वारंवार दिसतात.

पहिला: वळणावळणाच्या रस्त्यावर मधेच पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, शेतातून, तलावातून गेलेली. म्हणजे त्या दोन टोकांच्या मधल्या काळात बिंदूच नोंदले गेले नाहीत. एक तर फोनने ॲप मारलं किंवा बोगद्यामुळे आकाश दिसलं नाही. बोगद्यातली सरळ रेघ चालेल. उघड्या माळावरची सरळ रेघ दिसली तर बॅटरीच्या सेटिंग्जकडे जायचं. फोटो काढायला थांबलात आणि तिथूनच रेघ तुटली असेल तर रॅम कमी पडली. चार जीबीच्या फोनवर कॅमेरा उघडला की बाकीची ॲप बाहेर फेकली जातात.

दुसरा: चहाच्या टपरीपाशी कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता. फोन स्थिर असला तरी जीपीएसचा बिंदू काही मीटर इकडेतिकडे नाचत राहतो. वीस मिनिटांत, दर सेकंदाला एक या हिशेबाने, १,२०० बिंदू होतात. प्रत्येक वेळी सरासरी अर्धा मीटर जरी सरकला तरी तुम्ही बाकावर बसल्या बसल्या ६०० मीटर ‘सायकल चालवता’. चांगलं ॲप हा नाच गाळतं, साधं ॲप तो बेरजेत धरतं. एकाच फोनवरच्या दोन ॲपचं अंतर जुळत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

तिसरा: रेघ रस्त्याला समांतर, पण दहा-वीस मीटर बाजूने. उंच इमारतींवरून परावर्तित झालेले संकेत फोनला उशिरा पोचतात आणि जागा सरकते. लक्ष्मी रोड किंवा दादरसारख्या दाट वस्तीत हे होणारच. जीपीएसची एल-५ ही दुसरी वारंवारताही घेणारे फोन इथे बरेच सावरून घेतात. २०१८ च्या शाओमी मी ८ पासून असे फोन आले, आता मध्यम किमतीतही मिळतात. राइडच्या फक्त पहिल्या अर्ध्या किलोमीटरलाच रेघ भरकटली असेल तर मात्र दोष घाईचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमधल्या छपराखाली ‘स्टार्ट’ दाबू नका. फाटकाबाहेर मोकळ्या आकाशाखाली, नेट चालू ठेवून, अर्धा-एक मिनिट थांबा. उपग्रहांची ताजी माहिती नेटवरून लगेच मिळते. नेट नसेल तर तीच उपग्रहाकडून हळूहळू उतरवून घ्यावी लागते.

आता बिंदू किती वेळाने नोंदायचे. बहुतेक लोकप्रिय ॲप दर सेकंदाच्या आसपास नोंदतात आणि हा पर्याय तुम्हाला दाखवतही नाहीत. काही ॲपमध्ये तो ठरवता येतो आणि बॅटरी वाचवायला लोक पाच-दहा सेकंद ठेवतात. ताशी २५ किलोमीटरला तुम्ही सेकंदाला साधारण सात मीटर जाता. पाच सेकंदांत ३५ मीटर. घाट उतरताना ताशी ४५ चा वेग असेल तर पाच सेकंदांत ६२ मीटर. घाटातलं तीव्र वळण तेवढ्यात सुरू होऊन संपतं, ॲप ते कापून सरळ जोडतं आणि अंतर कमी भरतं. सेकंदाला एक बिंदू ठेवला तरी राइडचे बिंदू साठवणारी जीपीएक्स फाइल तासाला अर्ध्या एमबीच्या आसपास होते, म्हणजे जागेची चिंता नाही. बॅटरीचाही फारसा फायदा होत नाही, कारण पाच सेकंदांसाठी चिप पूर्ण झोपत नाही. एक सेकंद ठेवा आणि विसरून जा.

ऑटो-पॉज बंद ठेवा, हे माझं ठाम मत. सिग्नलला त्याचा उपयोग होतो, पण सिंहगडासारख्या चढावर वेग ताशी चार-पाचवर आला की ॲपला तुम्ही थांबलात असं वाटतं, ते रेकॉर्डिंग थांबवतं, मग परत सुरू करतं. अशा तुटक्या नोंदीतून हरवलेलं परत मिळत नाही. स्ट्रावासारखी ॲप राइड संपल्यावर थांबलेला वेळ स्वतःच वेगळा काढतात. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी तर एकूण वेळेकडेच बघायचं असतं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. त्यात चहा, पंक्चर आणि डुलकी सगळं धरलेलं असतं.

चढाईचा आकडा

सर्वांत जास्त भांडणं याच आकड्यावरून होतात आणि सर्वांत कमी भरवशाचाही हाच. जीपीएस आडवं जितकं बरोबर सांगतो तितकं उभं सांगत नाही, कारण उपग्रह सगळे वरच्या बाजूलाच असतात, पायाखालून कोणी मोजत नसतो. उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोनपट धरून चाला.

त्यात आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नाही. भारताच्या आसपास खरी समुद्रसपाटी या लंबगोलाच्या बरीच खाली आहे, आणि जगातला सर्वांत खोल खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर हा फरक साठ मीटरच्या वर जातो. म्हणून एखादं साधं अँड्रॉइड ॲप जुहू चौपाटीवर उणे साठ मीटर दाखवतं आणि लोक फोन बिघडला म्हणतात. फोन बरोबर आहे, ॲपने दुरुस्ती केलेली नाही. ओपनट्रॅक्स हे नोंदीचं ॲप ही दुरुस्ती करतं. ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये तिच्यासाठी वेगळी फाइल उतरवता येते. एकूण चढाईवर याचा परिणाम नसतो, कारण सगळेच बिंदू सारखे खाली सरकलेले असतात. पण ॲप लिहिणाऱ्याने किती काळजी घेतली आहे ते ओळखायला ही सोपी खूण आहे.

चढाई मोजायचे मार्ग दोन. एक, फोनमधला वायुदाबमापक. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की साधारण आठ मीटर वर आलात असं धरतात. छोटे चढउतार तो छान पकडतो, पण हवामान बदललं की फसतो: दिवसभरात दाब दोन-तीन हेक्टोपास्कलने नुसता हवेमुळे हलतो, म्हणजे घरी परतल्यावर तुमचं घर वीसेक मीटर वर किंवा खाली गेलेलं दिसू शकतं. शिवाय पावसात त्याचं बारीक छिद्र पाण्याने बंद झालं की आलेख वेडावाकडा होतो. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये हा सेन्सर नसतोच, घेण्याआधी तपशिलात ‘बॅरोमीटर’ शोधा.

दुसरा मार्ग म्हणजे तुमची रेघ उपग्रहांनी केलेल्या भूउंचीच्या नकाशावर ठेवून तिथली उंची वाचायची. वेब-आधारित सेवांमधली ‘उंची दुरुस्त करा’ ही सोय हेच करते. सपाट प्रदेशात उत्तम. घाटात मात्र रस्ता डोंगराच्या कडेला खोदलेला असतो. रेघ दहा मीटर सरकली तर नकाशाच्या हिशेबाने तुम्ही एकदम कड्यावर चढता किंवा दरीत उतरता, आणि हे प्रत्येक वळणावर. बोगद्यात तर कहरच: जुन्या कात्रज बोगद्यातून सायकल काढली तर ही दुरुस्ती तुम्हाला बोगद्यावरच्या डोंगरावरून नेते आणि तेवढी चढाई खात्यात जमा करते.

पडताळणी करायची तर ओळखीचा डोंगर घ्या. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा १,३१२ मीटरवर. शहरातून निघून गडावर जाऊन आलात तर चढाई साडेसातशेच्या आगेमागे किंवा थोडी वर यायला हवी. चारशे आली तर ॲप झोपलं होतं. दीड हजार आली तर ते हवेतला गोंधळही मोजतंय.

मग घ्यायचं कोणतं

आधी दोन-तीन उतरवा आणि एकाच सकाळी, एकाच फोनवर, एकदम चालू करा. पंधरा-वीस किलोमीटरचा ओळखीचा फेरा घ्या. त्यात थोडी दाट वस्ती, थोडा मोकळा रस्ता, एक दहा मिनिटांचा थांबा, सलग चाळीस मिनिटं स्क्रीन बंद, दोन फोटो आणि एक फोन कॉल एवढं बसवा. घरी येऊन रेघा एकमेकींशी ताडून पाहा. जे ॲप यात टिकलं नाही ते कितीही नावाजलेलं असो, तुमच्या फोनवर ते चालत नाही.

मित्रमंडळी जिथे आहेत तिथेच जायचं असेल तर स्ट्रावा. रेकॉर्डिंग फुकट आहे, पण मे २०२० पासून सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्यांच्या, पूर्ण क्रमवाऱ्या आणि मार्ग आखणं पैसे भरणाऱ्यांसाठी गेलं. ब्लूटूथ सेन्सरचा आधार त्यांनी २०१९ मध्ये काढला आणि पुढच्या वर्षी फक्त हृदयगतीच्या पट्ट्यासाठी परत आणला. कॅडन्सचा (पेडल फिरण्याची गती मोजणारा) सेन्सर किंवा पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारा) असेल तर फोनवरचं स्ट्रावा तुमच्या कामाचं नाही, दुसऱ्या ॲपवर रेकॉर्ड करून फाइल तिथे चढवा.

आधी मार्ग आखून, वळणं ऐकत जायचं असेल तर कोमूट किंवा राइड विथ जीपीएस. जर्मनीत वाढलेलं कोमूट २०२५ मध्ये एका इटालियन कंपनीने विकत घेतलं, त्यामुळे फुकट काय आणि विकत काय हे खातं उघडतानाच बघून घ्या. कोमूटचा मार्ग लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावरून येतो आणि आपल्या ग्रामीण भागात तिथे रस्ता डांबरी की कच्चा याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही. दोन गावांमधला जवळचा रस्ता म्हणून ॲप तुम्हाला खुशाल बैलगाडीच्या वाटेवर घालतं. आखलेला मार्ग उपग्रहाच्या चित्रावर एकदा झूम करून बघितल्याशिवाय रोड बाइक बाहेर काढू नये. राइड विथ जीपीएसची नोंद भक्कम आहे आणि ते ब्लूटूथ सेन्सरही घेतं. बोलून दाखवणारं मार्गदर्शन मात्र पैसे भरल्यावर.

कोणालाही काहीही न दाखवता नुसती नोंद हवी असेल तर ओपनट्रॅक्स. मुक्त स्रोत, जाहिरात नाही, इंटरनेटची परवानगीच मागत नाही. त्याचा स्वतःचा नकाशाही नाही, रेघ बघायला जोडीला दुसरं ॲप लागतं, म्हणून अनेकांना ते पहिल्या नजरेत अर्धवट वाटतं. हृदयगती, कॅडन्स, वेग, पॉवर सगळे ब्लूटूथ सेन्सर घेतं. वरंधा किंवा ताम्हिणीसारख्या ठिकाणी, जिथे रेंज नसते, तिथे नकाशा आणि नोंद एकत्र हवी असेल तर ऑस्मअँडमध्ये ‘ट्रिप रेकॉर्डिंग’ प्लगइन चालू करा आणि नकाशे आधी उतरवून ठेवा. अशा घाटात फोन विमान अवस्थेत टाकला तरी जीपीएस चालतो, आणि टॉवर शोधत बसण्यात जाणारी बॅटरी वाचते. फक्त तेवढा वेळ घरच्यांना तुमची जागा दिसणार नाही, हे आधी सांगून ठेवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं. दिवसभराच्या राइडला ते मधे नव्याने सुरू करावं लागतं.

वेगाचा सेन्सर लावलात तर ॲपमध्ये चाकाचा घेर बरोबर भरा. टायरवर लिहिलेल्या आकाराप्रमाणे: ७०० बाय २५ ला २,१०५ मिलिमीटर, ७०० बाय २८ ला २,१३६, ७०० बाय ३२ ला २,१५५, ७०० बाय ३८ ला २,१८०, २६ बाय १.९५ ला २,०५०. अठ्ठावीसच्या टायरला अडतीसचा आकडा राहिला तर शंभर किलोमीटरला दोन किलोमीटर जास्त दिसतात. खात्री करायची तर नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे सरका, परत खूण करा आणि टेपने मोजा. चिप बोगद्यात आंधळी झाली तरी हा सेन्सर अंतर मोजत राहतो.

फोन हँडलवर लावायची हौस असते, पण नोंदीसाठी त्याची गरज नाही. स्क्रीन बंद करून टॉप ट्यूबवरच्या बॅगेत किंवा जर्सीच्या खिशात ठेवला तरी चांगली रेघ येते. खिशात ठेवायचा तर घामासाठी झिपची पिशवी. स्क्रीन सतत चालू ठेवली की बॅटरी कितीतरी पटींनी लवकर उतरते, आणि विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या माउंटवरचा फोन तापून स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, प्रसंगी बंदही पडतो.

आपण कुठे राहतो आणि महागडी सायकल कुठे उभी असते हे रेघेच्या टोकावरून कोणालाही कळतं. २०१८ च्या जानेवारीत सगळ्यांच्या वाटा एकत्र दाखवणाऱ्या स्ट्रावाच्या जागतिक हीटमॅपवर लष्करी तळांतल्या धावण्याच्या वाटा उजळलेल्या दिसल्या, तेव्हा ही गोष्ट जगाच्या ध्यानात आली. सेटिंग्जमध्ये राइडची सुरुवात आणि शेवट झाकायची सोय आहे, ती पहिल्या राइडच्या आधीच लावा. मुलींनी आणि रोज ठरलेल्या वेळी एकट्याने निघणाऱ्यांनी राइड सगळ्यांसाठी उघडी न ठेवता फक्त अनुयायांपुरती ठेवावी.

फाइल बाहेर काढणं निवडतानाच करून बघा, सोडताना नाही. गूगलचं माय ट्रॅक्स हे नोंदीचं ॲप एप्रिल २०१६ मध्ये बंद झालं. त्याचा कोड खुला होता म्हणून त्यातून पुढे ओपनट्रॅक्स उभं राहू शकलं. एंडोमोंडो हे असंच ॲप ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं आणि ज्यांनी आपल्या राइड वेळेत उतरवल्या नाहीत त्यांच्या त्या गेल्या. जीपीएक्समध्ये जागा, वेळ आणि उंची येते आणि ती जवळपास कुठेही उघडते. सेन्सरचा तपशील हवा असेल तर ‘फिट’ (FIT) या प्रकारची फाइल जास्त चांगली. एक राइड निर्यात करून दुसऱ्या ॲपमध्ये आयात करा. तारीख, अंतर आणि वेळ जुळले तर पुढे चला.

पावसाळ्यात चार महिने सायकल भिंतीला टेकलेली असेल तर आणखी एक तपासणी लागते. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. ऑक्टोबरमधल्या पहिल्या राइडच्या आदल्या संध्याकाळी ॲप उघडा, लोकेशनची परवानगी आणि ‘प्रिसाइस’ पाहा, बॅटरीचं बंधन पुन्हा लागलंय का ते पाहा. ॲपच्या माहितीच्या पानावर न वापरल्यास परवानग्या काढण्याचा एक खटका असतो, तो याच वेळी बंद करून टाका.